युरोपातलं स्वस्त हॉटेल: आपल्याकडची भीती आणि तिथली वस्तुस्थिती

युरोपला जायचं तर टूर कंपनीबरोबरच जावं, स्वतः हॉटेल शोधलं की फसगत ठरलेली, असं नवापुरात अजूनही ठामपणे सांगितलं जातं. मुलगी जर्मनीत शिकायला जाते, मुलगा नोकरीसाठी तिकडे स्थिरावतो, आणि आई-वडिलांना रोम, प्राग, पॅरिस बघायची मनापासून इच्छा असते. पण राहायचं कुठं या प्रश्नापाशी बेत अडतो. मोठ्या हॉटेलचे दर परवडत नाहीत आणि छोट्या हॉटेलबद्दल ऐकलेलं भीतीदायक असतं. मग एक तर जाणं राहून जातं, नाही तर बसमधून दहा दिवसांत सहा देश पळत पाहून माणसं दमून परत येतात.

जुन्या शहराच्या आतलं एक किंवा दोन स्टारचं साधं हॉटेल हा आपल्यासारख्या कुटुंबासाठी चांगला, सुरक्षित आणि परवडणारा पर्याय आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र ते स्वस्त कशामुळे आहे, हे घरातून निघण्याआधी समजलेलं हवं. बहुतेक मनस्ताप तिथल्या हॉटेलमुळे होत नाही. इथून नेलेल्या अपेक्षांमुळे होतो.

‘स्वस्त म्हणजे घाण आणि धोक्याचं’

हा समज कुठून आला ते उघड आहे. आपलं गाव सुरत-धुळे महामार्गावर, राज्याच्या सीमेवर. पलीकडे गुजरातेत दारूबंदी, अलीकडे नाही. अशा सीमेवरच्या महामार्गावर लॉज म्हटलं की बायका-मुलांना घेऊन थांबायची जागा डोळ्यांसमोर येत नाही. कमी भाडं आणि वाईट वस्ती यांची जोडी आपल्या मनात तिथं पक्की झाली. खरं तर शेगावच्या भक्तनिवासात राहिलेल्या नवापूरकरांना कमी पैशांत लख्ख खोली मिळू शकते हे चांगलं ठाऊक आहे.

युरोपात स्टार मोजतात ते सोयींसाठी. फ्रान्समध्ये हे वर्गीकरण आतू फ्रान्स ही सरकारी पर्यटन संस्था सांभाळते आणि ते पाच वर्षांपुरतं असतं. इटलीत ते काम प्रादेशिक सरकारांकडे आहे. जर्मनी, ऑस्ट्रिया, नेदरलँड्स, चेक प्रजासत्ताक अशा देशांच्या हॉटेल संघटनांनी २००९ मध्ये ‘हॉटेलस्टार्स युनियन’ काढून एक समान यादी ठरवली. खोली केवढी, लिफ्ट आहे का, काउंटरवर किती तास माणूस असतो, न्याहारी मिळते का, अशा गोष्टींना त्यात गुण असतात. त्या यादीनुसार एका स्टारच्या हॉटेललाही खोली रोज साफ करावी लागते. म्हणजे दोन स्टारचा अर्थ सोयी कमी, एवढाच. स्वच्छता पाहायची तर गेल्या दोन-तीन महिन्यांत तिथं राहून आलेल्यांचे अभिप्राय वाचावेत, आणि त्यातही तक्रारीचे आधी.

खोली मात्र लहान असते. फ्रान्समध्ये एका स्टारच्या हॉटेलात दोघांच्या खोलीसाठी नऊ चौरस मीटर पुरे धरतात. आपल्या मापात दहा बाय दहाचीही नाही. दोन मोठ्या बॅगा उघडल्या की पाय ठेवायला जागा उरत नाही. म्हणून माणशी एकच मध्यम बॅग न्यावी.

‘लिफ्ट नाही म्हणजे मालक कंजूष’

रोमचं ऐतिहासिक केंद्र १९८० साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आलं, फ्लोरेन्सचं १९८२ साली, प्रागचं १९९२ साली. या भागांतली पुष्कळशी छोटी हॉटेलं दोन-तीनशे वर्षं किंवा त्याहून जुन्या इमारतींत आहेत. दगडी जिन्याच्या मधोमध लिफ्टचा खांब उभा करायचा तर भिंती फोडाव्या लागतात, आणि वारसा इमारतीत त्याला सहसा परवानगी मिळत नाही. जिथं लिफ्ट बसवली आहे तिथंही ती दोन माणसं आणि एक बॅग एवढीच असते. हॉटेल स्वस्त असण्याचं हे पहिलं आणि सर्वांत मोठं कारण.

रोम, फ्लोरेन्समध्ये तर अनेकदा अख्खी इमारत हॉटेलची नसते. खाली दुकान, पहिल्या मजल्यावर वकिलाचं ऑफिस, तिसऱ्यावर हॉटेल, चौथ्यावर कुणाचं तरी घर. रस्त्यावर मोठा फलक नसतो. दाराशी बेलच्या बटणांची रांग असते आणि त्यात एका बटणाशेजारी हॉटेलचं नाव लिहिलेलं असतं. पत्ता बरोबर असूनही हॉटेल सापडत नाही म्हणून माणसं घाबरतात, फसवलं गेलो असं समजतात. दाराशी जाऊन ती नावं वाचावीत.

मजल्यांची मोजणी तिथंही आपल्यासारखीच, तळमजला सोडून. पण जुन्या इमारतींत तळमजला आणि पहिला मजला यांच्यामध्ये एक बुटका अर्धा मजला असतो आणि तो मोजणीत धरत नाहीत. तळमजल्याची उंचीही फार. त्यामुळे ‘दुसरा मजला’ म्हणजे प्रत्यक्षात आपल्या तिसऱ्या-चौथ्याइतके जिने होऊ शकतात. गुडघे दुखणारं कुणी बरोबर असेल तर बुकिंगच्या आधी हॉटेलला लिहून विचारावं: रस्त्यापासून खोलीपर्यंत पायऱ्या किती, आणि लिफ्ट रस्त्याच्या पातळीपासून सुरू होते की अर्ध्या जिन्यानंतर? हे नेमकं विचारलं तर नेमकं उत्तर मिळतं.

‘थंड देश, एसी कशाला लागतो?’

२५ जुलै २०१९ रोजी पॅरिसमध्ये ४२.६ अंश तापमान नोंदलं गेलं. हा आकडा नवापूरच्या मे महिन्याला शोभणारा आहे. फरक एवढाच की आपल्याकडे डोक्यावर पंखा असतो, आणि तिथल्या साध्या हॉटेलात छताला पंखाही नसतो. त्या इमारती थंडीसाठी बांधलेल्या. पॅरिसमध्ये जस्ताच्या पत्र्याच्या छपराखाली, पूर्वी नोकर राहत त्या पोटमाळ्याच्या खोल्या आज स्वस्तात मिळतात आणि उन्हाळ्यात त्याच सर्वांत जास्त तापतात. एसीचं बाहेरचं यंत्र जुन्या दर्शनी भिंतीवर टांगायला बंदी असते, त्यामुळे मालकाची इच्छा असली तरी एसी बसवता येत नाही. २००३ च्या उष्णतेच्या लाटेत एकट्या फ्रान्समध्ये सुमारे पंधरा हजार माणसं दगावली, त्यांत म्हातारी माणसं सर्वाधिक होती. म्हणून वयस्क आई-वडिलांसाठी जुलै-ऑगस्टमध्ये खोली घेताना एसी आहे का हे पाहणं चैनीत मोडत नाही. एसी नसेल तर वरचा मजला टाळावा, दिवसा खिडकीची लाकडी झडप बंद ठेवावी आणि रात्री उघडावी. तिथले लोकही हेच करतात.

आपल्या शाळांची सुट्टी मे महिन्यात पडते, हे या बाबतीत सोयीचं आहे. तेव्हा तिथं हवा बहुधा सुखद असते.

‘बुकिंगला भरले तेवढेच पैसे’

नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. १ मे १९६० रोजी राज्यं वेगळी झाली आणि सीमा स्टेशनातूनच गेली. फलाटाच्या एका टोकाला एक कायदा, दुसऱ्या टोकाला दुसरा, याची आपल्याला सवय आहे. युरोपातही शेंगेन देशांमधल्या, म्हणजे एका व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांमधल्या, सीमांवर सहसा कुणी अडवत नाही, पण नियम शहरागणिक बदलतात, आणि प्रवाशाच्या खिशाला लगेच जाणवतो तो शहर-कर.

हा कर बहुतेक ठिकाणी ऑनलाइन दिसणाऱ्या भाड्यात धरलेला नसतो. तो हॉटेलच्या काउंटरवर भरायचा असतो. रोममध्ये ऑक्टोबर २०२३ पासून एका स्टारच्या हॉटेलात माणशी रात्रीला ४ युरो, दोन स्टारच्या हॉटेलात ५ आणि तीन स्टारच्या हॉटेलात ६ युरो आकारू लागले. दहा वर्षांखालच्या मुलांना तो माफ आहे. आई, वडील, बारा वर्षांची मुलगी आणि आठ वर्षांचा मुलगा असे चौघं दोन स्टारच्या हॉटेलात चार रात्री राहिले तर तिघांचे मिळून ६० युरो वेगळे मोजावे लागतात. ॲमस्टरडॅममध्ये २०२४ पासून हा कर भाड्याच्या साडेबारा टक्के झाला. प्रागला तो माणशी रात्रीला ५० कोरुना आहे. तिथं युरो हे चलन नाही, हेही लक्षात असू द्यावं. काउंटरवर जास्तीचे पैसे मागितले की लुबाडलं असं वाटतं. तसं नसतं. पावती मागावी, ती मिळते.

व्हेनिसला तर याची दुसरी बाजू दिसते. तिथं २५ एप्रिल २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी, फक्त दिवसभरासाठी येणाऱ्या पाहुण्यांकडून ५ युरो प्रवेशशुल्क घ्यायला सुरुवात झाली. शहरात हॉटेलात मुक्काम करणाऱ्याला ते माफ आहे, कारण तो शहर-कर भरतोच.

‘मुलगा आमच्यातच झोपेल’

याच्यावरून काउंटरवर सर्वाधिक वाद होतात. आपल्याकडे दोघांच्या खोलीत तिसरा, चौथा माणूस गादी टाकून झोपतो आणि कुणी काही म्हणत नाही. युरोपात खोलीत किती माणसं राहू शकतात हे आग लागल्यास सुटकेच्या नियमांशी आणि पाहुण्यांच्या नोंदणीशी बांधलेलं असतं. दोघांच्या खोलीत तिघं शिरली तर हॉटेल दुसरी खोली घ्यायला लावू शकतं, आणि ऐन हंगामात त्या वेळचा दर दुप्पटही असतो. बुकिंग करताना मुलांची संख्या आणि वयं खरी भरावीत. तिघांची, चौघांची खोली साध्या हॉटेलांतच जास्त मिळते. मोठ्या साखळी हॉटेलांत ती क्वचित असते. ‘डबल’ म्हणजे एक मोठा पलंग आणि ‘ट्विन’ म्हणजे दोन वेगळे, हेही बघून घ्यावं.

वेळेचाही असाच घोळ होतो. आपल्याकडे कितीतरी लॉजमध्ये आलेल्या घटकेपासून चोवीस तास मोजतात. तिथं खोली दुपारी दोन-तीनला मिळते आणि सकाळी दहा-अकराला सोडावी लागते, मग तुम्ही केव्हाही पोहोचा. मुंबईहून सुटलेलं विमान सकाळी उतरलं तर सामान काउंटरवर ठेवून फिरायला जावं. बहुतेक हॉटेलं ते ठेवून घेतात. रात्री उशिरा पोहोचणार असाल तर आधी कळवणं फार गरजेचं आहे. लहान हॉटेलात रात्री काउंटरवर कुणी नसतं. दार उघडायचा कोड ईमेलवर पाठवतात. तो ईमेल उतरवून घेतलेला नसेल आणि फोनमध्ये तिथलं नेट नसेल, तर रात्री बंद दाराबाहेर उभं राहावं लागतं.

‘न्हाणीघरात पाणीच नसतं’

पाणी असतं, मोरी नसते. शॉवरच्या चौकटीबाहेरच्या जमिनीला पाणी जायला वाट नसते. बादलीनं अंघोळ केली की पाणी खोलीत येतं, लाकडी जमिनीतून खालच्या मजल्यावर उतरतं आणि नुकसानभरपाई मागितली जाते. पडदा टबाच्या आत सोडून शॉवर घ्यायचा. शौचालयात जेट नसतो, म्हणून एक लहान मग बरोबर ठेवावा. इटलीत मात्र कमोडशेजारी धुण्यासाठी वेगळं बेसिन असतं. तिथं घरांच्या न्हाणीघरात ते असलंच पाहिजे असा नियम १९७५ पासून आहे, आणि हॉटेलांतही ते सर्रास दिसतं. बाथरूम सामाईक आहे की खोलीला जोडलेलं, हे बुकिंगच्या पानावर लिहिलेलं असतं.

नळाचं पाणी पश्चिम आणि मध्य युरोपच्या मोठ्या शहरांत बिनधास्त प्यावं. रोममध्ये रस्त्यांवर अडीच हजारांच्या घरात वाहते नळ आहेत, आणि पॅरिसमध्ये १८७२ पासून उभी असलेली वॉलेस कारंजी अजून पाणी पाजतात. बाटलीबंद पाण्यावर रोज खर्च करायची गरज नाही.

‘बॅगेत खाऊ भरला की झालं’

खाकरा, भाजक्या पोह्यांचा चिवडा, कोरडी चटणी, भडंग हे सगळं न्यावं. पण युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, खव्याची मिठाई, पनीर घरीच ठेवावं. ताज्या फळं-भाज्यांना रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. केळी, नारळ, अननस, खजूर अशा मोजक्यांनाच सूट आहे. लेकीसाठी आंब्याची पेटी नेणाऱ्या आईला हे विमानतळावर कळण्यापेक्षा इथं कळलेलं बरं.

खोलीत इंडक्शन किंवा कुकर लावू नये. धुराची घंटा लगेच वाजते, आणि जुन्या लाकडी इमारतीत आगीची भीती खरी आहे. किटली इंग्लंडच्या हॉटेलांत बहुधा असते, बाकी युरोपात साध्या खोलीत सहसा नसते. स्वयंपाक करायचाच असेल तर स्वयंपाकघर असलेलं हॉस्टेल घ्यावं.

हॉस्टेल फक्त तरुण पोरांसाठी, हाही समज सोडायला हवा. रिचर्ड शिरमान या जर्मन शिक्षकानं १९१२ मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं कायमचं युवा-वसतिगृह सुरू केलं, ते शाळकरी मुलांसाठी होतं हे खरं. आज बहुतेक हॉस्टेलांत वयाची अट नाही, कुटुंबासाठी स्वतंत्र खोल्या आणि बायकांसाठी वेगळे कक्ष मिळतात. रोममध्ये ख्रिस्ती मठांची अतिथिगृहंही आहेत. शांत, स्वच्छ, आणि काही ठिकाणी रात्री ठरल्या वेळी दार बंद होणारी.

‘आपल्या माणसांना खोली देत नाहीत’

या भीतीला इतिहास आहे, म्हणून ती झटकून टाकू नये. १९४३ साली लंडनच्या इम्पिरियल हॉटेलनं वेस्ट इंडीजचे क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टंटाइन यांना त्यांच्या वर्णामुळे ठरल्याप्रमाणे राहू दिलं नाही. ते न्यायालयात गेले आणि १९४४ मध्ये खटला जिंकले. ब्रिटनमध्ये हॉटेलांतला वर्णभेद बेकायदा ठरवणारा कायदा मात्र १९६५ साली आला.

आणि आपल्या घरचंही आठवावं. १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीसाठी आले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या पारशांच्या टोळक्यानं त्यांना बाहेर काढलं. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात त्यांनी हे स्वतः सांगितलं आहे. हेच बाबासाहेब १९२०च्या दशकाच्या आरंभी लंडनमध्ये पुन्हा शिकायला गेले आणि १९२१-२२ मध्ये १०, किंग हेन्रीज रोड या घरात राहिले. ते घर महाराष्ट्र शासनानं २०१५ मध्ये विकत घेतलं; आज तिथं स्मारक आहे. लंडनला जाणाऱ्या नवापूरकरानं ते पाहावंच. आपल्या तालुक्यातल्या आदिवासी मुलामुलींनी तर जरूर पाहावं, कारण शिकायला निघालेल्या माणसासाठी चार भिंती मिळणं किती मोलाचं असतं, हे त्या घरात उभं राहिल्यावर समजतं.

आज युरोपीय संघात २००० सालच्या निर्देशानुसार वंश किंवा वर्णावरून हॉटेलात खोली नाकारणं बेकायदा आहे. एखादा माणूस उर्मटपणे वागू शकतो, तसा तो कुठंही वागतो. पण पक्कं बुकिंग असताना खोली नाकारली तर कारण लेखी मागावं आणि ज्या संकेतस्थळावरून बुकिंग केलं त्यांना तिथूनच फोन लावावा.

पासपोर्ट मागितला तर घाबरू नये. शेंगेन देशांत परदेशी पाहुण्याची नोंद करणं हॉटेलवर बंधनकारक आहे; इटलीत ती चोवीस तासांच्या आत पोलिसांकडे जावी लागते. नोंद झाली की पासपोर्ट परत मागून घ्यावा. रात्रभर काउंटरवर ठेवू नये.

‘व्हिसासाठी सगळे पैसे आधी भरावे लागतात’

नाही. व्हिसा अर्जाला राहण्याच्या सोयीचा पुरावा लागतो. रद्द करता येणारं, पैसे नंतर भरायचं बुकिंगही चालतं. मात्र ते खरं असावं. एजंटानं बनवून दिलेलं खोटं बुकिंग जोडलं आणि दूतावासानं हॉटेलला विचारलं, तर अर्ज फेटाळला जातो आणि ती नोंद पुढच्या अर्जांच्या वेळीही समोर येते.

हॉटेलच्या रात्रींवरून दुसरी एक महत्त्वाची गोष्ट ठरते. ज्या देशात सर्वांत जास्त दिवस राहणार त्याच देशाकडे शेंगेन व्हिसाचा अर्ज करायचा असतो. दिवस सारखे असतील तर जिथं आधी उतरणार त्या देशाकडे. म्हणून आधी मुक्काम ठरवावेत, मग अर्ज. ११ जून २०२४ पासून शुल्क मोठ्यांना ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५ युरो आहे, आणि सहा वर्षांखालच्यांना माफ आहे. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय प्रवासविमा लागतो. बोटांचे ठसे द्यायला नवापूरहून मुंबई किंवा अहमदाबाद गाठावं लागतं, त्या खेपेत सगळ्यांची कागदपत्रं एकदम द्यावीत.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. मे महिन्यात जायचं असेल तर दिवाळी आटोपल्यावर मुक्काम ठरवा, रद्द करता येणारी खोली धरा, आणि जानेवारीत अर्ज देऊन टाका.